तळ्याचे घर : नवेगावबांधचे कोलू पाटील कोहळी

भंडाऱ्याहून साकोलीमार्गे पूर्वेकडे निघालेला प्रवासी कोहमाऱ्याला दक्षिणेस वळला की अर्जुनी-मोरगावच्या वाटेवर त्याला नवेगाव लागते. गावाजवळ सात टेकड्यांच्या कुशीत सुमारे ११ चौरस किलोमीटर विस्ताराचा एक जलाशय आहे. प्रथमच पाहणाऱ्याला ते निसर्गाने घडविलेले सरोवर वाटते. वस्तुतः टेकड्यांमधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बंद करून हे पाणी अडविलेले आहे, आणि ते काम अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या गृहस्थाने केले. गावाच्या नावाला 'बांध' हा शब्द जोडला गेला तो याच कामामुळे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध त्या जिल्ह्यात गेले. तत्पूर्वी ते भंडारा जिल्ह्यातच होते. भंडाऱ्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणण्याची जी प्रथा पडली, तिच्यात कोलू पाटलांचा वाटा मोठा आहे.

आपल्या भागात कोलू पाटलांचे नाव न ऐकलेला वयस्क माणूस विरळा. त्यांच्या चरित्राची साधने तीन : त्यांचा तलाव, तलावाकाठच्या लोकांची स्मृती आणि १९०८ साली रॉबर्ट व्हेन रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर. यांपैकी तलाव हे साधन आम्हाला सर्वांत बोलके वाटते. आज शाळा-महाविद्यालयांतून परिसंस्था, अन्नसाखळी, ऊर्जेचा प्रवाह असे शब्द शिकविले जातात. ते शब्द ज्यांच्या कानावर कधीही पडले नव्हते, अशा एका शेतकऱ्याच्या कृतीतून ते सारे कसे उलगडते, हे सांगण्यासाठी हा लेख.

कोलू पाटील ज्या समाजात जन्मले, तो कोहळी समाज आजही भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत प्रामुख्याने आढळतो. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तेथील तलाव पाहून प्रभावित झाला आणि परतताना त्याने तलाव बांधणाऱ्या कुटुंबांना आपल्या राज्यात आणले, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. गोंड राजवटींनी जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास आणि तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याचे धोरण ठेवले होते. कोहळ्यांना दोन गोष्टींचा ध्यास होता, पाणी आणि ऊस. धान पावसावर कसेबसे निभते, उसाला मात्र उन्हाळ्यातही पाणी लागते. म्हणून ज्याला ऊस हवा, त्याला तलाव हवाच.

येथील भूमीही तलावाची मागणी करणारी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि जातो. खाली कठीण, जुनाट खडक असल्याने पाणी खोल मुरत नाही. पेरणीला पाऊस भरपूर असतो, आणि नेमक्या धान निसवण्याच्या वेळी, हस्त नक्षत्राच्या सुमारास, आकाश कोरडे पडते. त्या दहा-पंधरा दिवसांत बांधीत पाणी मिळाले तर कोठार भरते, न मिळाले तर वर्षाची मेहनत वाया जाते. पूर्व विदर्भातील हजारो तलाव आणि बोड्या या दहा-पंधरा दिवसांसाठी बांधल्या गेल्या, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कोहळ्यांना जमिनीचा उतार उपजत कळत असे, याचे आश्चर्य इंग्रज अधिकाऱ्यांनीही नोंदवून ठेवले आहे. त्यांच्याजवळ ना दुर्बीण, ना नकाशा, ना कोणते पाणसळ यंत्र. पहिल्या पावसात पाणी कोठून धावते, कोठे रेंगाळते, कोणत्या खिंडीतून निसटते हे ते पाहत आणि तेवढ्या निरीक्षणावर पाळीची जागा ठरवीत. साकोली तालुक्यातील शिवनीबांधचा तलाव हीसुद्धा कोहळ्यांचीच निर्मिती. मात्र या सर्वांत मोठे काम कोलू पाटलांच्या हातून झाले.

त्या कामाची कल्पना करू पाहावी. टेकड्या आधीच उभ्या होत्या. त्यांच्यावर पडणारे पाणी मधल्या खोलगट भागात जमे आणि खिंडींतून वाहून जाई. कोलू पाटलांनी खिंडी मातीने भरल्या. सोपे वाटते, पण मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहू लागले की ती तासाभरात खचते. म्हणून पाळ किती उंच घ्यावी याहून महत्त्वाचा प्रश्न असतो तो जादा पाण्याला वाट कोठे द्यावी हा. सांडवा एका बोटाने उंच राहिला तर पाळ धोक्यात येते, एका बोटाने खाली आला तर शेकडो बांध्या कोरड्या राहतात. पाळीतून शेताकडे पाणी सोडण्याच्या दाराला आपल्याकडे तुडूम म्हणतात. त्याची पातळीही अशीच जोखून ठरवावी लागते. कोलू पाटलांचा हिशेब बरोबर निघाला याचा पुरावा म्हणजे तीनशे वर्षांनंतरही तेथे पाणी आहे.

लोकांनी त्यांचे श्रेय त्यांच्या पद्धतीने मान्य केले. भोवतालच्या सात शिखरांना 'सात बहिणी' म्हणतात आणि या सात देवींच्या साहाय्याने तलाव सिद्धीस गेला अशी श्रद्धा आहे. स्वतः कोलू पाटील मरणोत्तर 'कोलासूर देव' झाले. त्यांचे ठाणे तलावाकाठच्या एका शिखरावर असल्याची नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. आपल्या श्रद्धेहून ही श्रद्धा वेगळी असली, तरी तिच्यामागील कृतज्ञता ओळखण्यास आपल्याला अडचण पडू नये. ज्याने पाणी दिले त्याला कोणत्या नावाने हाक मारावी, हे तहानलेली माणसे आपापल्या परीने ठरवीत आली आहेत.

पाळ पूर्ण झाली तेव्हा कोलू पाटलांचे काम संपले आणि दुसरे एक काम सुरू झाले, ज्याचा कर्ता कोणी एक मनुष्य नव्हता. पाणी चढू लागताच खोलगट भागातले गवत, झुडपे आणि वृक्ष बुडाले. एक वन नाहीसे झाले, ही गोष्ट विसरता कामा नये. कोणताही तलाव आधीच्या एखाद्या परिसंस्थेच्या जागेवर उभा राहतो. बुडालेली पाने कुजली. जिवाणू आणि बुरशी यांनी त्यांचे विघटन करून नत्र, स्फुरद, पालाश पाण्यात मोकळे केले. त्या खतावर, सूर्यप्रकाशाच्या बळावर, डोळ्यांना न दिसणारे वनस्पती-प्लवक वाढले आणि पाण्याला हिरवट छटा आली. प्लवकांवर सूक्ष्म प्राणी आले, त्यांच्यावर कीटकांच्या अळ्या. ओढ्यांच्या पाण्याबरोबर मासे चढून आले. पाणपक्ष्यांच्या पायांना आणि पिसांना चिकटून, त्यांच्या पोटातूनही, दूरच्या तळ्यांतील बिया आल्या. नवे पाणी भरले की ते असेच वसत जाते. पाहुण्यांना कोणी आमंत्रण पाठवावे लागत नाही.

काही वर्षांत काठापासून खोल पाण्यापर्यंत वस्तीचे पट्टे ठरले. अगदी काठाला, जेथे पावसाळ्यात पाणी आणि उन्हाळ्यात चिखल असतो, तेथे लव्हाळे, मोथ्याच्या जाती आणि देवधान, म्हणजे आपला रानभात. त्याच्या पुढे, तळाशी मूळ आणि पाण्यावर पान ठेवणारी कमळे व कुमुदिनी. आणखी आत हायड्रिलासारख्या पूर्ण बुडालेल्या वनस्पती. प्रत्येक पट्ट्याचे आपले रहिवासी आहेत. तरंगत्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटांनी चालत जातो. लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी घरटे लपविते. बुडालेल्या झुडपांच्या दाटीत माशांची पिले मोठ्या माशांच्या नजरेआड वाढतात. मरळ उघड्या पाण्यात दबा धरते, मांगूर चिखलात तोंड खुपसून हिंडतो. एकाच तळ्यात राहून एकाच भाकरीसाठी सर्वांनी भांडू नये, अशी ही वाटणी आहे. हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक आणि तलवार बदके येतात ती याच वाटणीत आपला हिस्सा शोधण्यासाठी.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना या विषयाची गोडी लागली तीही बव्हंशी तळ्यांच्या काठी. 'इकॉलॉजी' या शब्दाचा मूळ जर्मन अवतार १८६६ साली अर्न्स्ट हेकेल यांनी घडविला. त्यात 'ओइकोस' हा ग्रीक शब्द आहे. सेमिनरीत नव्या कराराचे ग्रीक शिकलेल्या कोणालाही तो परिचित असेल. त्याचा अर्थ घर, आणि घरातली माणसेही. १८८७ साली अमेरिकेतील स्टीफन फोर्ब्स यांनी तळे हे स्वतःपुरते एक लहान विश्व असते अशी मांडणी केली. १९३५ साली आर्थर टॅन्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने सजीव आणि त्यांच्या भोवतालचे निर्जीव घटक यांना एकत्र धरून 'इकोसिस्टिम', म्हणजे परिसंस्था, हा शब्द दिला. आणि त्यानंतर काही वर्षांनी रेमंड लिंडेमन नावाच्या तरुणाने मिनेसोटातील एका लहानशा दलदलीच्या तळ्यात बसून, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ऊर्जा किती पोहोचते याचा हिशेब मांडला. १९४२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा तो हयात नव्हता. त्याच वर्षी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले होते.

हा हिशेब नवेगावच्या पाण्यालाही लागू आहे. वनस्पती सूर्यप्रकाशातून जे अन्न तयार करतात, त्यातला बराचसा भाग त्यांच्या स्वतःच्या जगण्यात खर्च होतो. त्यांना खाणाऱ्या किड्याच्या देहात साधारण दहावा भाग उतरतो, किड्याला खाणाऱ्या माशात त्याचा दहावा, आणि त्या माशाला खाणाऱ्या मरळीत त्याचाही दहावा. बायबलमधील दशांश आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. येथे पुढच्या पायरीच्या हाती दशांशच पडतो आणि उरलेले नऊ भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातात, ते पुन्हा कधीही हाती लागत नाहीत. एवढ्या मोठ्या तलावावर मत्स्यगरुड का मोजके असतात आणि पाणकिडे का अगणित, याचे उत्तर या गणितात आहे. ऊर्जा एकाच दिशेने वाहते, म्हणून सूर्य रोज उगवावा लागतो.

अन्नद्रव्यांची गोष्ट निराळी. ती फिरत राहतात. टेकडीवरचे पान कुजते, पहिल्या पावसाबरोबर त्याचा रस तलावात उतरतो, तलावातून तुडुमाच्या वाटे धानाच्या बांधीत जातो. धान माणसाच्या आणि तणस जनावराच्या पोटात जाते. शेण शेतात पडते. तलावावर चरणारे पक्षी काठच्या झाडांवर रात्र काढतात आणि त्यांची विष्ठा झाडांना पोसते. ज्या भागात तलावांची साखळी आहे, तेथे वरच्या तलावाचे सांडव्याचे पाणी खालच्या बोडीत येते आणि हीच फेरी पुन्हा सुरू होते. म्हणून टेकडीवरचे वन, तलाव, बांध्या आणि गाव यांना चार वेगळ्या वस्तू मानणे चुकीचे. वन उघडे पडले की पहिला परिणाम टेकडीवर दिसत नाही, तो तलावाच्या तळाशी दिसतो.

या तळाशीच कोलू पाटलांच्या वारशाचा खरा प्रश्न दडलेला आहे. प्रत्येक तळे जन्मापासून मरणाकडे चाललेले असते. पावसाबरोबर माती येते, वनस्पती मरून तळाशी साचतात, तळ वर येतो, पाणी उथळ होते. खोल पाण्यातील वनस्पतींच्या जागी कमळे येतात, कमळांच्या जागी लव्हाळे, लव्हाळ्यांच्या जागी गवत, आणि शेवटी तेथे कुरण किंवा रान उभे राहते. शास्त्रात याला अनुक्रमण म्हणतात. त्यात कोणाचा दोष नाही. ती निसर्गाची रीतच आहे. मग आपले जुने तलाव शेकडो वर्षे तरुण कसे राहिले? कारण उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावकरी त्यांतला गाळ खणून बैलगाड्यांनी शेतात नेत. शेताला फुकटचे खत मिळे आणि तळ्याला त्याची खोली परत मिळे. पाळीला उंदराचे बीळ पडले, सांडव्याचा दगड हलला, तर पावसाआधी दुरुस्ती होई. पाणी कोणाच्या बांधीत आधी जावे याचे नियम होते. मासेमारी करणारे ढिवर बांधव कोणत्या काळात जाळे टाकावे आणि कोणत्या काळात टाकू नये हे जाणत होते, कारण वीण संपली तर त्यांची चूल विझणार होती.

म्हणजे या परिसंस्थेत माणूस बाहेरचा पाहुणा नव्हता. जिवाणू, मासा आणि बगळा यांच्याप्रमाणे तोही आपले नेमलेले काम करीत होता. पर्यावरणाविषयीच्या आपल्या चर्चेत माणूस बहुधा अपराधी म्हणून येतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कोलू पाटलांच्या तलावाचे उदाहरण त्या चौकटीत बसत नाही. माणसाने बांधलेल्या पाण्यात रानपक्ष्यांनी घर केले, आणि माणसाने आपले काम चालू ठेवले तोवर ते घर टिकले.

ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र म्हणता येणार नाही. भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाल्यावर इंग्रजांनी गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना मालगुजार म्हणून गावाचे मालक केले आणि तलावही त्यांच्या मालकीचे झाले. पाळीवर माती टाकणारे हात बहुधा गोंड, ढिवर आणि तथाकथित अस्पृश्य समाजांचे. पाण्यावरचा पहिला हक्क मात्र जमीनवाल्याचा. ही विषमता न सांगता जुन्या तलावांचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मध्य प्रदेश राज्याने १९५० साली मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला, १९५१ साली तो अमलात आला आणि मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा त्याच राज्यात होते. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा होताना एक गोष्ट निसटली. मालक बदलला, देखभाल करणारा कोणी ठरला नाही. गावाला वाटू लागले की तलाव सरकारचा. कचेरीच्या दप्तरात तो सिंचनाचा एक आकडा. 'माजी मालगुजारी तलाव' हे लांबलचक नाव लोकांनी 'मामा तलाव' असे आटोपशीर केले, परंतु या मामाकडे भाचे फिरकेनासे झाले.

गाळ साचला. उथळ झालेल्या पाण्यात आणि उघड्या काठांवर बेशरम माजला. जांभळट-गुलाबी फुलांचे हे झुडूप मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेचे. त्याला जनावर तोंड लावत नाही, तोडले तरी ते कांडीवरून पुन्हा फुटते. नाव ठेवणाऱ्याने विचारपूर्वकच ठेवले आहे. ते जेथे पसरते तेथे देवधान आणि लव्हाळे मागे हटतात आणि त्यांच्यावर जगणारे पक्षीही. शेतांतून रासायनिक खतांचे पाणी येऊ लागले. अन्नद्रव्ये प्रमाणाबाहेर वाढली की शेवाळ पाणी झाकते; दिवसा ते प्राणवायू सोडते खरे, पण रात्री ते आणि त्याला कुजविणारे जिवाणू मिळून पाण्यातला प्राणवायू संपवितात आणि पहाटे मासे वर तोंड करून मरतात. खत म्हणजे अन्नच, मग त्याने तळे मरते कसे, असा प्रश्न पडतो; त्याचे उत्तर एवढेच की फेरीचा वेग बिघडला की फेरी तुटते.

मत्स्योत्पादन वाढविण्याच्या सद्हेतूने आणखी एक बदल झाला. तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्यात येऊ लागले. त्यांच्याबरोबर गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही आले. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते; म्हणून बीज दरवर्षी विकत आणावे लागते. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. बुडालेल्या वनस्पती गेल्या तेव्हा स्थानिक माशांच्या पिलांचा पाळणाच गेला. वजनाच्या हिशेबात काही वर्षे फायदा दिसला. ज्या ढिवर कुटुंबाला पूर्वी बाराही महिने कसला ना कसला मासा मिळे, त्याला आता बीजाच्या पैशांची चिंता लागली. आम्हाला वाटते, कोलू पाटलांच्या मुलखात घडलेली ही सर्वांत दूरगामी चूक आहे, आणि ती कोणी वाईट हेतूने केली नाही.

नवेगावचा तलाव या पडझडीत इतर तलावांहून सुदैवी ठरला. १९७५ साली त्याच्या भोवतालच्या वनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी या काठावर काढलेली वर्षे मराठी साहित्याला परिचित आहेत. तलावातल्या माशांची, पक्ष्यांची, वनस्पतींची स्थानिक नावे आणि सवयी त्यांनी गावच्या जाणत्या माणसांकडून शिकून लिहून ठेवल्या. २०२५ साली त्यांचे निधन झाले. सारस क्रौंचाच्या जोड्या मात्र आता गोंदिया जिल्ह्यात आणि शेजारच्या बालाघाटात मोजक्याच उरल्या आहेत. भंडाऱ्यात त्याहूनही कमी. हा पक्षी पावसाळ्यात उथळ पाण्यात किंवा धानाच्या बांधीतच घरटे करतो आणि एक-दोन अंडी घालतो. शेतकऱ्याने घरट्याभोवतीचे चार हात धान सोडले तर पिलू वाचते.

भंडारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पवनी तालुक्यात, वैनगंगेवर गोसीखुर्दचा प्रचंड जलाशय उभा राहिला आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. कोलू पाटलांच्या तलावाशी त्याची तुलना पाण्याच्या साठ्यावरून केली तर ती हास्यास्पद ठरेल. परंतु नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि त्या जलाशयात साचते, पाण्यावर जलपर्णी पसरते, हे भंडाऱ्याच्या नागरिकांना रोज दिसते. कोहळ्यांचा तलाव आपल्या पाणलोटाला ओळखत होता. कोणत्या टेकडीवरून काय वाहून येते हे पाळीवर उभे राहून दिसे. शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत तसे पाहणारा कोण, हा प्रश्न पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकानंतर आपल्या धर्मग्रामांतही विचारला गेला पाहिजे.

मधल्या काळात काही गावांनी जुन्या कामाला पुन्हा हात घातला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्थांना आणि स्त्रियांना बरोबर घेऊन काही तलावांतला बेशरम मुळासकट काढला, आणि मग एक असे काम केले जे बाहेरच्याला अनाकलनीय वाटेल : तलावाचा तळ नांगरून त्यात हायड्रिला, कुमुद आणि इतर स्थानिक पाणवनस्पतींची लागवड केली. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे ढिवर स्त्री-पुरुषांना ठाऊक होते. वनस्पतींची यादी त्यांच्या सांगण्यावरून झाली. वनस्पती रुजल्या तेथे स्थानिक मासे परतले आणि त्यांच्यामागून पक्षी. राज्य शासनाच्या २०१७ सालच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने गाळ शेतात नेण्याची जुनी रीत सरकारी नावाने परत आणली आहे. मात्र यंत्राने सरसकट खणताना काठाचा उतार आणि देवधानाचा पट्टाही उचलला गेला, तर खड्डा खोल होईल पण तळे राहणार नाही, एवढे भान ठेवावे लागेल.

नवेगावच्या पाळीवरून हिवाळ्याच्या सकाळी पाहिले असता धुके निवळत जाते आणि पाण्यावर बदकांचे थवे दिसू लागतात. उन्हाळ्यात हेच पाणी काठापासून मागे सरते, चिखलाला भेगा पडतात, आणि त्या भेगांत रानभाताचे दाणे पुढच्या पावसाची वाट पाहत पडून असतात.